डोळ्यांतलं कडं

लग्न होऊन मी फुलेवाडीतल्या घरी आले, तेव्हा पहिले काही दिवस माझं डोकं सारखं दुखायचं. पुढच्या खोलीत ह्यांचं काम चालायचं आणि ऑइल पेंटचा नि टर्पेंटाइनचा वास सगळ्या घरात भरून राहिलेला असायचा. पिण्याच्या पाण्यालाही तोच वास येतोय असं वाटायचं. हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, दूध संस्थांच्या भिंती, शाळांच्या व्हरांड्यातले सुविचार. गगनबावड्याच्या रस्त्याला त्या काळी एखाद्या पाटीकडं बघून सायकल जरा हळू करावीशी वाटली, तर ती बहुतेक शिवा पेंटरनं रंगवलेली असायची. एका टोकाला चिंध्यांचा बोळा बांधलेली लांब काठी हे पाटीवर टेकवायचे, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचे आणि श्वास धरून अक्षर ओढायचे. अक्षर पुरं झालं की श्वास सुटायचा आणि डब्याच्या कडेला ब्रश निथळल्याचा टक् टक् आवाज यायचा. आत भाकऱ्या थापताना तो आवाज माझ्या कानावर असायचा. एक अक्षर झालं, दोन झाली, आता 'किराणा'तला काना आला असेल, असा माझा हिशेब चालायचा. आता त्या रस्त्याला सगळीकडं फ्लेक्स लागलेत. नवीन पोरांना ब्रशनं अक्षर ओढतात हेच नवल वाटतं.

घरात आम्ही चौघं. हे, मी, सासूबाई आणि धाकटी नणंद गिरिजा. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. सासूबाईंना हे आणि गिरिजा सोडून सगळे अव्वा म्हणायचे. त्या सीमेकडच्या, गडहिंग्लजच्याही पलीकडच्या एका खेड्यातल्या, आणि सख्ख्या मामालाच दिलेल्या. माझ्या माहेरचेही लिंगायतच, पण गारगोटीकडचे. आमच्या घरात कानडीचा गंध नव्हता. अव्वा एरवी मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा भीती वाटली की कानडीत जायच्या. त्यामुळं घरात काही बिनसलं की मला आधी भाषेवरूनच कळायचं. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन त्या बसल्या की गिरिजासुद्धा पावलं न वाजवता चालायची. पूजा झाली की मात्र चुलीपुढं त्यांचं राज्य. शेंगदाण्याची लसूण घालून कुटलेली चटणी, दोडक्याची भाजी, वर लोण्याचा गोळा ठेवलेली ज्वारीची कडक भाकरी, सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. आणि पाणी तांब्याच्या घागरीतलं. "तांब्याचं पानी पोटाला थंड," असं म्हणून त्या सकाळी पहिला पेला आपल्या लेकाच्या हातात द्यायच्या. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मला वाटायचं, जगात एवढंच असतं, आणि ते पुरेसं आहे.

पहिल्यांदा काय बदललं, तर तो टक् टक् आवाज. दोन अक्षरांमधलं अंतर वाढलं. मग कधी कधी आवाजच यायचा नाही, आणि बाहेर डोकावलं तर हे काठी खाली ठेवून उजवा हात डाव्या हातानं धरून बसलेले असायचे. "मुंग्या आल्यात," म्हणायचे. मग एका किराणा दुकानाची पाटी परत आली. 'भुसार'मधला 'भ' असा झाला होता की जणू कुणी पळत्या गाडीतून लिहिलाय. दुकानदार भला माणूस, पण कोल्हापूरचाच. त्यानं पाटी दारात टेकवली आणि म्हणाला, "पेंटर, घ्या की काय घ्यायची ती, पर काम झाल्यावर घ्या." ह्यांनी मान वर केली नाही. मी आत उभी होते. अव्वांनी ते ऐकलं. त्या दिवशी हे जेवायला बसल्यावर अव्वा ताट ठेवायला वाकल्या, आणि वाकूनच राहिल्या. आपल्या लेकाच्या तोंडाचा वास घेत होत्या त्या. हे तसेच बसून राहिले, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मूल दात दाखवतं तसं. वास टर्पेंटाइनचा होता, दुसरा कसलाच नव्हता. अव्वा चुलीकडं वळल्या.

मग पाय सुजायला लागले. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वण पावलावर खोल उमटलेला दिसायचा. हातपाय वाळत चालले आणि पोट वाढत चाललं. पँटचं बटण लागेना तेव्हा हे मला हसून म्हणाले, "तुझ्या हातची भाकरी अंगाला लागलीया बघ." मीही हसले. दुसऱ्या दिवशी उन्हात त्यांचे डोळे पिवळे दिसले, आणि त्यानंतर मला हसल्याचं आठवत नाही.

पहिल्यांदा ज्या खासगी दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली, ह्यांचे थरथरणारे हात बघितले आणि एकच प्रश्न विचारला, "किती वर्षं घेताय?"

"काय?" हे म्हणाले.

"दारू हो."

"आम्ही लिंगायत हाय डॉक्टर. घरात अंडं बी येत न्हाय."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही तरी खरं सांगा. लिव्हर आकसलंय. पोटात पाणी झालंय. तिशीच्या आत असलं लिव्हर उगीच होत नाही."

मी सांगितलं की घेत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, पण कागदावर लिहिताना त्यांचा चेहरा बदलला नाही. दाखल व्हावं लागेल, नळी घालून बघावं लागेल, आणि औषधानं भागलं नाही तर पुण्या-मुंबईला जाऊन लिव्हर बदलावं लागेल, असं ते म्हणाले. लिव्हर बदलणं म्हणजे काय हे मी तोपर्यंत ऐकलंही नव्हतं. मोटरसायकलचा क्लच बदलतात तसं काहीतरी असेल असं वाटलं. बाहेर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "इन्शुरन्स आहे का?" मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी भिंतीवरच्या पाटीकडं बघितलं आणि पुटपुटले, "'रुग्णां'तला 'ण' चुकलाय."

विमा नव्हता. आमच्या कोपऱ्यावर एक विमा एजंट राहायचे. त्यांच्या घराची पाटी ह्यांनीच रंगवलेली. दरवर्षी ते चहाला यायचे आणि म्हणायचे, "शिवानंद, एक आरोग्याची पॉलिसी काढून ठेव रे." हे म्हणायचे, "मला काय हुतंय काका? ब्रश उचलतोय, नांगर न्हाय." आता सोनोग्राफीनंतर मी त्यांच्या दारात गेले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग मान हलवली. आजार निघाल्यावर कुणी घेत नाही पोरी, म्हणाले. घराला आग लागल्यावर विमा काढता येत नाही तसंच हे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मला ते समजलं होतं. तरी मी बराच वेळ तिथं बसून राहिले, कारण उठले असते तर घरी जावं लागलं असतं.

त्या दिवसांतली भीती कशी होती हे सांगणं अवघड आहे. ती मोठ्या आवाजाची नव्हती. दुपारी हे पुढच्या खोलीत रंगाच्या डब्यांजवळ चटईवर झोपले की मी भांडी घासताना हात थांबवायचे आणि श्वास ऐकू येतोय का बघायचे. एकदा जाग आल्यावर ह्यांनी मला विचारलं, "आई कुठं हाय?" मी म्हटलं, देवळात गेल्यात. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. डोळे उघडे होते, पण माणूस कुठल्या तरी लांबच्या खोलीतून बोलत असल्यासारखा. मी गिरिजाला हाक मारली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ह्या सगळ्यात आमचे आप्पा आले. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. कुणीतरी गारगोटीच्या स्टँडवर त्यांच्या कानात घातलं होतं की जावयाचं लिव्हर गेलंय. खाकी कपड्यांवरच आले, दारातच उभे राहिले.

"शैला, पिशवी भर. घरी चल."

"आप्पा, आधी बसा तरी."

"बसायला न्हाय आलो. पेताड माणसाला दिली व्हय मी पोरगी? इचारलं तवा सगळी म्हनाली, सुपारीचं बी व्यसन न्हाय!"

अव्वा कानडीत काहीतरी बोलायला लागल्या. हे भिंतीला टेकून बसले होते. आवाज न चढवता म्हणाले, "मामा, ती येत आसंल तर न्या. मी अडवनार न्हाय." आणि मग एका सुजलेल्या पावलावर दुसरं पाऊल ठेवून ते झाकायला लागले. ते पाऊल झाकणं आप्पांनी बघितलं. मीही बघितलं.

मी म्हटलं, "आप्पा, मी येत न्हाय. त्येंनी आयुष्यात थेंब घेतलेला न्हाय. तुमी माझ्यावर इश्वास ठेवा न्हाईतर ठेवू नका."

आप्पा बसले नाहीत. तसेच माघारी गेले. त्यांची पाठ रस्त्यावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते, आणि मनात एकच चाललं होतं, की आता माझं असं माणूस कुठंच उरलं नाही.

खासगीत राहणं आम्हाला झेपणार नव्हतं, म्हणून ह्यांना सरकारी दवाखान्यात हलवलं. लांबलचक वॉर्ड, फिनेलचा वास, खाटेखाली नातेवाइकांच्या पिशव्या, आणि शाहूवाडीकडून आलेली एक म्हातारी सगळ्यांना भाताची पेज वाटत फिरायची. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनीही दारूचं विचारलं, मीही तेच उत्तर दिलं. पण त्या कागदावर लिहायच्या थांबल्या. ह्यांना म्हणाल्या, "दोन्ही हात पुढं करा. पंख पसरल्यासारखे." हात फडफडले. "कधीपासून?" मी 'भुसार'ची पाटी सांगितली. मग त्यांनी छोट्या बॅटरीचा उजेड बाजूनं डोळ्यांत टाकला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी भयंकर दिसलं. "ह्यांना डोळ्यांच्या विभागात न्यायचंय, आत्ताच," म्हणाल्या.

तिथल्या मोठ्या यंत्राला हनुवटी टेकवून ह्यांना बसवलं. तपासून झाल्यावर बाईंनी मलाही बघायला बोलावलं. यंत्राच्या भिंगातून माझ्या नवऱ्याचा डोळा मला एवढा मोठा दिसला की मी दचकले. बुबुळाच्या कडेनं एक कडं होतं. तांबूस, थोडं हिरवट झाक असलेलं, कुणीतरी बारीक ब्रशनं हात न उचलता ओढल्यासारखं.

"हे तांबं आहे," बाई म्हणाल्या. "आपण खातो त्या अन्नात थोडं थोडं तांबं असतं. तुमचं-माझं लिव्हर ते बाहेर टाकतं. ह्यांच्या लिव्हरला ते जन्मापासूनच जमत नाही. साठत साठत लिव्हरमध्ये बसलं, मग मेंदूत गेलं, मग डोळ्यांत. रक्त आणि लघवी तपासल्यावर नक्की होईल, पण मला खात्री वाटते. दारूचा काही संबंध नाही."

हे अजून हनुवटी टेकवूनच बसले होते. तसंच पुढं बघत म्हणाले, "बाई, हे तुमी माझ्या सासऱ्यांना सांगाल काय?"

तपासण्यांनी बाईंचं म्हणणं खरं ठरलं. पण त्यामुळं भीती गेली नाही, तिला फक्त नाव मिळालं. औषध होतं. अंगातलं तांबं ओढून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या गोळ्या. मात्र त्या जन्मभर घ्यायच्या, उपाशीपोटी घ्यायच्या, आणि त्यांचा गुण यायला महिनोन्‌महिने लागतात. तोपर्यंत लिव्हर तग धरेल का, ह्यावर बाई म्हणाल्या, "धरेल असं समजून चालू या." आणि त्या गोळ्या तेव्हा कोल्हापुरात मिळत नव्हत्या.

मी आप्पांना निरोप पाठवला. त्यात फक्त आजाराचं नाव होतं, आणि गोळ्या पुण्यात मिळतात एवढंच होतं. पुढच्या आठवड्यात वॉर्डच्या दारात एक अनोळखी कंडक्टर उभा. "शिवानंद पेंटरच्या घरची कोन? गारगोटीच्या कंडक्टरनं दिलंय." वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खोकं. त्यानंतर कित्येक महिने ते खोकं असंच येत राहिलं. पुण्याच्या दुकानातून एकाच्या हातात, साताऱ्याला दुसऱ्याच्या, मग कोल्हापूरच्या स्टँडवर. आप्पा स्वतः मात्र बरेच दिवस आले नाहीत. आले तेव्हा ह्यांच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, "जावईबापू, माझं तोंड लई वाईट हाय." हे म्हणाले, "असू द्या की मामा. गोळ्या येत्यात न्हवं येळंवर." एवढ्यावर ते मिटलं.

घरी आलो तेव्हा बाईंनी जेवणाचं सांगून ठेवलं होतं. पोटात पाणी होतं म्हणून मीठ बंद. तांबं जास्त म्हणून शेंगदाणे बंद. तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद. अव्वांनी ते ऐकलं आणि उठून घागर उचलली. सगळं पाणी अंगणात तुळशीपाशी ओतलं आणि घागर माळ्यावर टाकली. ह्या हातांनी मी रोज पेला दिला, असं त्या कानडीत म्हणत होत्या, हे गिरिजानं मला नंतर सांगितलं. बाईंनी पुढं समजावलं होतं की घागरीमुळं आजार झालेला नाही, पण अव्वांच्या मनातून ते कधीच गेलं नाही. मग सगळ्या घराचं जेवण अळणी झालं. एकट्याला अळणी वाढायचं आणि आपण मिठाचं खायचं, हे कुणालाच जमेना. कोल्हापूरच्या घरात अळणी आमटी म्हणजे काय असतं, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. गिरिजा पहिला घास तोंडात घालायची आणि डोळे मिटून गिळायची, औषध घेतल्यासारखी.

आणि मग गोळ्या सुरू असतानाच हे आणखी बिघडले. हात आधी थरथरायचे, आता जीभही अडखळायला लागली. चहाचा कप ओठांपर्यंत जाईपर्यंत निम्मा सांडायचा. बाईंनी आधीच सांगितलं होतं की सुरुवातीला काही जणांचं असं होतं, तांबं हलायला लागतं तेव्हा. पण सांगितलेलं वेगळं आणि डोळ्यांपुढं बघणं वेगळं. एका शाळेची भिंत अर्धी राहिली होती. ह्यांनी खडूनं अक्षरं आधीच आखून ठेवलेली. हेडमास्तरांनी दुसरा माणूस बघतो म्हटल्यावर मी म्हटलं, मी भरते. हे खाली खुर्चीवर बसायचे, मी शिडीवर. "कडंपासनं भर... आत ये... हात उचलू नगंस," एवढं बोलायलाही त्यांना वेळ लागायचा. माझी अक्षरं त्यांच्यासारखी नव्हती, पण वाचता येत होती. तिथून घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "शैला, ह्या गोळ्यांनी मी मरतोय. आता मी घेनार न्हाय." दुसऱ्या दिवशी गोळी पेल्याशेजारी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशीही. मी विनवण्या केल्या, रडले, अव्वा रडल्या. "मला ब्रश धराय येत न्हाय, मग जगून काय करू?" असं हे म्हणायचे.

बाईंना सांगायला गेले, तर त्यांनी आणखी एक गोष्ट पुढं ठेवली. त्यांनी ती आधीही सांगितली होती, पण तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नव्हती. हा आजार आईवडील दोघांकडून येतो. दोघं एका नात्यातली असली की जास्त संभवतो. म्हणून सख्ख्या भावंडांना तपासलं पाहिजे, आणि लक्षणं दिसायच्या आधी तपासलं पाहिजे. "त्यांना बहीण आहे ना?"

गिरिजा सतरा वर्षांची होती. गालावर खळी, वेणी कमरेपर्यंत, सदा पळत चालणारी. तिच्यासाठी गडहिंग्लजकडून एक स्थळ आलं होतं आणि ते लोक बघायला येणार होते. मी अव्वांना सांगितलं, तशा त्या चुलीपुढून उठल्या.

"ब्याडा," त्या म्हणाल्या. "नगं. तिला काय झालंय? चांगली घोड्यागत हाय पोरगी."

"अव्वा, आत्ता काय दिसत न्हाय, पर—"

"न्हाय दिसत न्हवं? मग झालं. एकदा दवाखान्यात नाव लागलं की गडहिंग्लजची माणसं दारात उभी ऱ्हातील काय? तू कर तुज्या नवऱ्याचं. माज्या पोरीला हात लावू नगंस."

मी पाण्याची कळशी उचलली. पण गिरिजानं दाराआडून सगळं ऐकलं होतं. पाणी भरताना ती म्हणाली, "वैनी, मी येते. आईला सांगू नगं."

रक्त देणं सोपं होतं. लघवी मात्र पूर्ण एका दिवसाची साठवून न्यायची होती, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत, थेंब न सांडता. दवाखान्यातून एक पांढरा कॅन मिळाला, दुधाच्या कॅनएवढा. तो आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यांमागं पोत्याखाली लपवला. त्या दिवशी गिरिजा कॉलेजला गेली नाही, पोट दुखतंय म्हणाली. दुपारी अव्वा झोपल्या असं समजून ती कॅन घेऊन न्हाणीकडं निघाली, आणि दारातच अव्वा समोर आल्या.

"काय हाय ते?"

गिरिजाला हसू फुटलं. भीतीनंच फुटलं असणार, पण ते थांबेना. "आई, टर्पेंटाइन," ती म्हणाली आणि आणखी हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. अव्वा आमच्याकडं बघत राहिल्या. त्यांना कळलं. आता त्या ओरडतील, कॅन अंगणात फेकतील, म्हणून मी पुढं झाले. पण त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या.

मग मराठीतच बोलल्या. एवढ्या भीतीत त्या मराठीत बोलल्या, ते मला ऐकवायचं होतं म्हणूनच.

"शिवाच्या आधी मला एक हुता. बसू. बारा वर्साचा झालता. सोन्यासारखं पोरगं. कावीळ झाली म्हनले. गावठी औषध दिलं, दंडात दोरा बांधला, सगळं केलं. प्वाट असं फुगलं. हातातली पाटी धराय येईना. मास्तर मारायचा त्येला, अक्षर वाकडं काढतोय म्हनून. मी बी मारलं एकदा." त्यांनी स्वतःचा उजवा तळवा उघडून बघितला. "म्हंजी त्येला बी ह्येच हुतं व्हय?"

मी म्हटलं, "आसंल, अव्वा."

"मामाला दिली मला. दोघांचं रगत एकच. म्हंजी माज्यामुळं?"

"तुमच्यामुळं न्हाय. तुमाला कुनी इचारून दिली न्हवती."

हे त्यांना कुणी कधी सांगितलं नसावं. घरात बसूचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. गिरिजालाही तो कधी माहीत नव्हता. दारात मागं काहीतरी हललं म्हणून बघितलं, तर हे चौकटीला धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बसू गेला तेव्हा हे सहा वर्षांचे होते. अडखळत म्हणाले, "आई, त्यो मला हात धरून अक्षर शिकवायचा. त्येचा हात कापायचा. मला वाटायचं, खेळतोय."

अव्वा उठल्या. कॅन गिरिजाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सांडू नगंस."

तपासणीचं पुण्याहून कळायला वेळ लागला. त्या दिवसांत मी काय खाल्लं, काय रांधलं, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की गिरिजा आरशापुढं उभी राहून स्वतःच्या डोळ्यांत बघत असायची. मी आले की वेणी घालायचं नाटक करायची. गडहिंग्लजची माणसं येऊन गेली. अव्वांनीच त्यांना दारात सांगितलं, "पावणं, पोरगीची तपासनी चाललीया. कळल्यावर या." ते पुन्हा आले नाहीत. अव्वांनी त्यांचं नाव परत काढलं नाही.

बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "गिरिजाला आहे. पण लिव्हर अजून चांगलं आहे. डोळ्यांत काही नाही. आत्तापासून औषध घेतलं, चुकवलं नाही, तर ती तुमच्या-माझ्यासारखी जगेल." मला त्यातलं 'आहे' तेवढंच ऐकू आलं. बाकीचं गिरिजानं ऐकलं आणि वाटेत मला सांगितलं.

घरी आलो. कुणी विचारलं नाही. आमची तोंडं बघून कळलं असणार. हे पुढच्या खोलीत होते. गिरिजा त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि म्हणाली, "दादा, मला बी हाय." हे भिंतीला धरून उठले, आत गेले, आणि फडताळातलं गोळ्यांचं खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आले. कापणाऱ्या हातांमुळं आतल्या गोळ्या खुळखुळत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वांनी पूजेआधीच स्टीलचे दोन पेले भरून ठेवले. हे गिरिजाला म्हणाले, "आधी मी. तू बघ. काय हुत न्हाय." त्यांनी गोळी तोंडात टाकली, निम्मं पाणी गळ्यावर सांडलं, पण गोळी गेली. त्या दिवसापासून ह्यांनी एकही गोळी चुकवलेली नाही. हात पहिल्यासारखा कधीच झाला नाही, पण पोटातलं पाणी हळूहळू ओसरलं, जीभ सुटली, आणि लिव्हर बदलायची वेळ आली नाही. गिरिजा आता निपाणीला असते, तिची दोन मुलं शाळेत जातात. पाट्यांचं काम पुढं बरीच वर्षं मीच केलं, हे खालून सांगायचे. दर सहा महिन्यांनी तपासणीचा दिवस आला की आजही आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. हे सगळं मी आज लिहू शकते. त्या सकाळी ह्यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं.

त्या सकाळी ह्यांची गोळी झाल्यावर गिरिजानं तिची गोळी तळव्यावर घेतली. हे चूळ भरायला मोरीवर गेले होते. अव्वा पाठ करून चुलीत काटक्या सारत होत्या. गिरिजा माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू, त्या दोघांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "वैनी, मी मरनार न्हाय न्हवं?"

बारा वर्षांचा बसू, ह्यांचं फुगलेलं पोट, खुर्चीवर बसून एकेक शब्द जुळवणारे हे, सगळं माझ्यापुढं उभं होतं. मला कशाचीच खात्री नव्हती. सतरा वर्षांच्या त्या पोरीपेक्षा मी फक्त पाच वर्षांनी मोठी होते.

"न्हाय," मी म्हटलं. "घे."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि गोळी गिळली.